मोडाच्या गव्हाचं पीठ

ऐश्वर्या नऊ महिन्यांची झाली, तरी दोन महिने तिचं वजन जागचं हललं नव्हतं. घट्ट खीर ती जिभेनं बाहेर ढकलायची, आणि पाणी घालून पातळ केली तर पोट भरायचं, अंगी काही लागायचं नाही. कुरुंद्याच्या अंगणवाडीताईंनी तिच्या आईला, करुणाला, मोडाच्या गव्हाचं पीठ सांगितलं. शिजलेल्या खिरीत चमचाभर घातलं, की ती पाण्यावाचून पातळ होते.

पहिल्या खेपेला खीर काही पातळ झाली नाही. सासूबाईंनी, जनकाबाईंनी, मोडाचे गहू लाल होईस्तोवर भाजले होते.

“कच्चं पीठ लेकराला बाधते,” त्या म्हणाल्या.

करुणा बारावी सायन्स शिकलेली. “आत्याबाई, मोडात अमायलेज असते. ते खिरीतला स्टार्च तोडून त्याची साखर करते. लई भाजलं की मरते.”

“मरते? गव्हात जीव हाय व्हय?”

“हाय म्हणून तर मोड येते.”

दुसऱ्या खेपेला करुणानं गहू सावलीत वाळवून दळले. चुलीवरून उतरवलेल्या खिरीत चमचाभर पीठ घालून ती ढवळत राहिली. घट्ट गोळा हळूहळू सैलावला आणि पळीवरून ओघळू लागला.

“पाणी घातलंस. मला काय दिसत न्हाई?”

“तुमीच चाखा.”

जनकाबाईंनी बोट चाटलं. “गोड लागून राहिलं. साखर कवा घातली?”

“न्हाई घातली.”

कच्चं पीठ बाधू नये म्हणून करुणानं खिरीला पुन्हा एक उकळी दिली. कोमट झाल्यावर ऐश्वर्यानं आ केला, गिळलं, आणि पुन्हा आ केला. वाटी खरवडून शेवटचा घास जनकाबाईंनीच भरवला.