साखळी प्रार्थना

आमच्या मोहन्याच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ मी उभा केला, हे कुणी बोलून दाखवत नाही म्हणून मीच सांगते. पाळकसाहेब तेव्हा म्हणाले होते, "करुणाताई, पोरं यायची नाहीत. त्यांना रविवारी क्रिकेट असतं." मी घरोघर जाऊन पोरांना उठवलं, झोपमोड झालेल्या बापांची बोलणी खाल्ली, पोह्यांचं पातेलं मांडीवर घेऊन रिक्षाने आले. तेव्हा कुठे संघ जमला.

आणि मग श्रिया आली. ठाण्यातल्या कोपरीची मुलगी, लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्यात राहायला आलेली. सासर मूळचं मोहन्याचं, म्हणून उपासनेला आमच्याकडे. खांद्याला गिटार आणि तोंडात सारखं "गाइज, गाइज." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा नागोबा गाणीही म्हणायचा.

नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावलं. नऊ दिवस गेले, महिने गेले, पोरं तिच्याभोवतीच. मी वचन समजावताना जांभया देणारा रत्नदीप तिला अख्खं स्तोत्र पाठ म्हणून दाखवायला लागला. तेही न मागता! माझ्या पोटात दुखायचं, आणि ओवा खाऊन राहील असं ते दुखणं नव्हतं. देवाच्या घरात मत्सर नसावा, हे मीच या पोरांना शिकवलंय. शिकवायला काय जातं.

मे महिन्याचं शिबिर तोंडावर आलं. पाळकसाहेब म्हणाले, "यंदा जबाबदारी तुम्हा दोघींपैकी एकीकडेच देऊ. कुणाकडे, ते पोरांनाच विचारू या. आधी प्रार्थना करा."

शिबिर माझं होतं. ते गेलं की मी मागच्या बाकावर बसणारी आणखी एक बाई.

आम्ही गोल करून उभे राहिलो. साखळी प्रार्थनेची ही पद्धतही माझीच. हात धरायचे, डोळे मिटायचे, एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. माझ्या डावीकडे रत्नदीप होता आणि उजवीकडे नेमकी श्रिया. सुरुवात माझ्यापासून, डावीकडून फिरत शेवट तिच्याकडे.

जे माणसाच्या तोंडावर बोलता येत नाही, ते देवाला सांगता सांगता बोलता येतं.

"हे प्रभू," मी म्हटलं, "आमच्यात जे मिरवायला येतात, गाण्याबजावण्याने कोवळी मनं भुलवतात, त्यांना तू नम्र कर. नाव मी घेत नाही, प्रभू. तू जाणतोस. आमेन."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण माझ्या आमेनमागे दुसरं आमेन आलं नाही.

रत्नदीप एकदा प्रार्थनेला लागला की थांबत नाही. आज त्याचं तोंडच उघडेना. मी एक डोळा किलकिला केला. त्याने समृद्धीचा हात दाबला होता. समृद्धीने पुढचीचा दाबला. तिने पुढच्याचा. एकही पोर बोललं नाही. पंखा तेवढा करकरत होता, आणि अख्खी साखळी मुक्यानेच श्रियापर्यंत आली.

बोल आता, मी मनात म्हटलं. घे माझा समाचार. ती भांडली असती तर मी जिंकले असते.

"प्रभू," श्रिया हळूच म्हणाली, "ताईंचा हात थरथरतोय. त्यांना भीती वाटतेय. त्यांचं जे आहे ते त्यांच्याकडून काढून घेऊ नको ना."

"आमेन!" पोरं म्हणाली. सगळी, मोकळ्या गळ्याने.

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ही बया माझी कीव करत होती, आणि पोरं तिला आमेन म्हणत होती.

डोळे उघडल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "हं, बोला. शिबिर कुणाकडे?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. रत्नदीपने तोंड उघडलं. मी श्रियाच्या हातातून माझा हात ओढून घेतला आणि त्याच्या आधी म्हटलं, "श्रियाकडे."

पाळकसाहेब म्हणाले, "वा, ताई! किती मोठं मन!"

मन कसलं. ते नाव त्या पोरांच्या तोंडून ऐकवलं नसतं मला.