बुजवलेली विहीर

सातपूरला सहादूच्या वावरात झेंडू आणि शेवंती व्हायची. त्र्याहत्तर साली ते वावर कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. विहीर मुरूम टाकून बुजवली. तिथं उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या गेटवर सहादू वॉचमन म्हणून लागला. घराला लागून त्यानं एक खोली काढली, ती देवळ्याहून आलेल्या भिमाजीला दिली. भिमाजी त्याच कारखान्यात वेल्डर होता. सहादूची बायको वारलेली, मूलबाळ नाही. भिमाजीची बायको लताबाई त्यालाही दोन्ही वेळा जेवायला बोलवायची.

एकोणऐंशीत कारखान्यानं नवी शेड काढली. पाया आखायला चुना टाकला, तेव्हा एक रेघ नेमकी विहिरीवरून गेलेली सहादूनं पाहिली. तो साहेबाकडे गेला.

"साहेब, तिथं खाली..."

"बाबा, तुम्ही गेट सांभाळा," साहेब नकाशातून मान वर न करता म्हणाला.

सहादू मागं फिरला. पुन्हा जाऊन सांगता आलं असतं. पण ज्या जमिनीवर त्याचा जन्म गेला, तिथं त्याचं एक वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नव्हतं. जाऊ दे भिंतीला तडा, मग येतील विचारत, असं म्हणून तो गप्प बसला.

तडा गेलाच नाही. दोन वर्षांनी, पावसाळ्यात, जमीन खचली आणि भिंत अख्खी आडवी झाली. भिमाजी तिच्याखाली सापडून मेला.

पंधरा दिवसांनी सहादू लताबाईच्या उंबऱ्याशी येऊन बसला. ती ट्रंकेत कपडे भरत होती.

"पोरी, तिथं माझी इहीर होती. मला ठावं होतं."

लताबाईचे हात थांबले. "मंग सांगितलं नाय?"

"साहेबाला सांगाया गेलतो. त्यानं ऐकलं नाय."

"साहेबाचं राहू द्या. यांना का नाय सांगितलं? रोज शेजारी बसून जेवत होता."

दोन वर्षांत एकदाही ते सहादूच्या मनात आलं नव्हतं.

लताबाई एसटीला निघाली, तेव्हा तो ट्रंक उचलायला पुढं झाला. तिनं ती त्याच्या हातून काढून घेतली आणि डोक्यावर ठेवली.

सहादू पुन्हा गेटवर गेला नाही. सातपुरात तेव्हा रोज नवी माणसं उतरत होती, राहायला जागा मिळत नव्हती. कुणी ना कुणी दारात येऊन विचारायचं, "बाबा, खोली रिकामी हाय का?"

"नाय," सहादू म्हणायचा.