लाल गोलातली तारीख

सकाळी साडेसातला घर नेहमीसारखंच होतं. सूनबाईने डबा भरला, बॅग खांद्याला लावली. फ्रिजच्या दारावर तिच्या कोर्सचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, चाचण्यांच्या तारखांना लाल गोल केलेले. आयत्या वेळी कुणाची पंचाईत नको म्हणून तिनेच ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावलं होतं. ओट्यावर सासूबाईंचा अर्धा चहा बशीखाली निवत होता.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. एका हातावर दीड वर्षांची नात भोपळी, दुसऱ्या हातात थर्मामीटर.

"एकशे दोन," त्या म्हणाल्या. "तू जा हो. मी बघते. पोरीचं काय व्हायचं ते होईल."

असं म्हटल्यावर कुठली आई जाईल? नवऱ्याने वर्तमानपत्राआडून सांगितलं, की आजचा दिवस राहू दे, कॉम्प्युटर कुठे पळून जात नाही. तिने बॅग उतरवली आणि स्वतःच्या हाताने लेकीला तापाचं औषध पाजलं. कपाळ तिला गरम लागलं नाही, पण मनातली शंका मोठी की काचेतला आकडा? तासाभरात भोपळी डब्यांची झाकणं वाजवत बसली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उतरला बघ औषधाने." मग दिवसभर दर चार तासांनी आणखी एक चमचा. दुसऱ्या दिवशीही तसंच.

असं तिसऱ्यांदा झालं होतं.

कोर्स पूर्ण वेळाचा होता, नऊ ते पाच. ज्यांनी आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही, त्यांना पहिल्या नोकरीपुरतं प्रमाणपत्र देणारा. लग्नाआधी पदवी घेऊन ती पाच वर्षं कपाटात ठेवलेल्या सुनेला यापेक्षा सोपी वाट नव्हती. नियम एकच कडक होता: आठ गैरहजेऱ्या झाल्या, की नाव कमी. तिच्या सहा झाल्या होत्या.

चौथी चाचणी जवळ आली तशी भोपळी मलूल झाली. गालांवरून नाव पडलं होतं तिचं. ते गाल ओघळले, खाणं सुटलं. वर्ग सुटल्यावर सूनबाई तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या किती झाल्या ते विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. पोरीच्या यकृतावर ताण आला होता. एवढं औषध कशासाठी, असं त्यांनी दोनदा विचारलं. आता मला विचारल्याशिवाय एक थेंबही नको, असं बजावून सांगितलं. घरी आल्यावर तिने हे शब्दन् शब्द सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी काय पोरं वाढवलीत?

वर्गात शेजारी एक वीस वर्षांची मुलगी बसायची, सगळे तिला चष्मिष म्हणत. ती चेष्टेत बोलून गेली, "ताई, तुमची लेक कॅलेंडर बघून आजारी पडते का हो?"

दोघी हसल्या. सूनबाईचं हसू मध्येच थांबलं.

त्याच आठवड्यात मॅडमनी चूक कशी शोधायची ते शिकवलं होतं. प्रोग्राम बिघडला की अंदाज बांधत बसायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं, आणि काय होतं ते बघायचं.

तिने फ्रिजवरचा कागद नव्याने उतरवून काढला. चाचणी बुधवारी होती. लाल गोल तिने गुरुवारी केला.

बुधवारी भोपळीला ताप आला नाही. सूनबाई चाचणी देऊन आली, घरी चकार शब्द बोलली नाही. आपली शंका खोटी ठरावी म्हणून ती मनात हात जोडत होती.

गुरुवारी सकाळी साडेसातला सासूबाई आतून आल्या. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात भरलेला चमचा.

"एकशे दोन."

सूनबाईने आत जाऊन लेकीच्या पोटावर तळहात ठेवला. गार होतं. परत येऊन तिने थर्मामीटर मागून घेतलं. टोक चिकट होतं, त्याला चहाची एक पत्ती लागली होती. ओट्यावर बशी बाजूला सरकलेली, चहा निवून नेमका तेवढाच कोमट.

"आई, चाचणी काल झाली," ती म्हणाली. "मी देऊन आले. तो चमचा ओतून टाका."

सासूबाई ओशाळल्या नाहीत. चमचा तसाच हातात धरून खुर्चीवर बसल्या.

"आमच्या वेळी थर्मामीटर नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "माझी सासू नुसता पोराच्या कपाळाला हात लावून तापलंय म्हणायची. मी टायपिंगची परीक्षा दोनदा सोडली. घर टिकलं ना माझं?"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्राची घडी घालत होता. पोरीला काय झालंय, हे त्याने विचारलं नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिन्ही तापांत त्याने एकदाही लेकीच्या अंगाला हात लावून पाहिला नव्हता. ज्याला ताप नाही हे ठाऊक असतं, तो कशाला पाहील?

तिने आवाज चढवला नाही. भोपळीला कडेवर घेतलं, औषधाची बाटली आणि थर्मामीटर बॅगेत टाकलं. नवरा म्हणाला, पोरीला घेऊन कुठे निघालीस, लोक काय म्हणतील.

"आता ही जिथे मी, तिथेच राहील. लोकांनी विचारलं तर चहाचं सांगा."

वर्गात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. मॅडमनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग कडेवरच्या पोरीकडे. मुलं आणायची नाहीत, हा नियमही तिथे होता. हजेरीपटावर सातव्या फुलीसाठी टेकवलेलं पेन त्यांनी उचललं आणि तिच्या नावापुढे हजेरी मांडली. चष्मिषने बाकावर जागा करून दिली.

फ्रिजवरचा कागद अजून तसाच आहे. तुमच्याही घरात कुणाची तरी तारीख अशीच लाल गोलात असेल. त्या सकाळी मूल तापलंय असं कुणी सांगितलं, तर आकडा विचारू नका. उठा, आणि त्याच्या पोटावर स्वतःचा हात ठेवा.