पूजेच्या कोनाड्यातली बाटली

मी थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. पोटात शंभर गोळ्या आणि तोंडात कापूस, म्हणून इतके दिवस गप्प होते.

माझं खरं आयुष्य सुरू झालं मंठाळ गावात, पार्वतम्मांच्या घरी. दर सोमवारी त्यांच्या ओसरीवर लिंगायत बायका शरणांची वचनं म्हणायला जमतात. अम्मांनी सूर लावायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. तोच आवाज घोगरा झाला, तोंड सुजलं, बसल्या जागी डोळा लागायला लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मला त्यांच्या हातात दिलं.

दीड महिना मी इमानानं रोज एक गोळी दिली. फरक काहीच नाही. फार ओशाळले मी.

मग बाजारातून अश्वगंधा आणि समुद्री शेवाळाचं चूर्ण आलं. "ह्यानं मुळातून जातंय म्हणं," असं म्हणत अम्मांनी मला फडताळात मागं ढकललं. चूर्ण पुढं ऐटीत बसलं. गोळी सुटली तशी अम्मांची तब्येत आणखी ढासळली. सोमवारी त्या नुसते ओठ हलवायला लागल्या.

शेवटी सून दानेश्वरीनं आम्हा दोघांना एकाच पिशवीत कोंबून दवाखाना गाठला.

"गोळी कशी घेत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पूजा झाल्यावर, प्रसादाच्या दुधासंगं. लिंगपूजेआधी तोंडात काई घालत न्हाई मी."

बाईंनी कपाळाला हात लावला. दुधासोबत गोळी पुरती अंगी लागत नाही. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढं तासभर काही खायचं नाही. शेवाळातलं जास्तीचं आयोडीन तर दुखणं वाढवू शकतं. चूर्ण बंद झालं. शेवग्याची भाजी, कडधान्यं खुशाल खा म्हणाल्या, पण गोळीच्या जागी नव्हे.

अम्मा मात्र अडून बसल्या. "जन्माचा नेम आता कामून मोडू?" मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

घरी आलेल्या जंगम गुरूंपुढं, गुरुपादय्यांपुढं, दानेश्वरीनं हे गाऱ्हाणं मांडलं. अय्या म्हणाले, "औषध म्हंजे जेवण न्हवं, पार्वतम्मा. उठल्याबरोबर गोळी घ्या आन् पूजेला लागा. तुमची आंघोळ, पूजा तासभर चालतीच की."

तेव्हापासून माझी जागा कोनाड्यात, विभूतीशेजारी. रक्ततपासणीतला वाढलेला आकडा खाली आलाय. परवाच्या सोमवारी अम्मांनी सूर लावला. पहिल्या ओळीला आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत आणि बायका मागून म्हणू लागल्या.

आत येऊन त्या सुनेला म्हणाल्या, "नवी बाटली आणून ठेव ग. खंड पडू देऊ नको."

माझ्या पोटात आता चार गोळ्या उरल्यात. नव्या बाटलीला एवढंच सांगणं आहे: बाई, फडताळात बसू नकोस, हा कोनाडा सोडू नकोस. सोमवारी इथून सगळं ऐकू येतं.