किमतीच्या मानाने

"किमतीच्या मानाने भारी" असं कुणी म्हटलं, की देवचंदच्या मस्तकात तिडीक जायची. एकदा-दोनदा नव्हे, तीस वर्षं तो हेच ऐकत आला होता. अमळनेरला स्टेशनजवळ त्याचं दुकान. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. तिथे तो स्पीकरचे बॉक्स बनवायचा. प्लायवूड स्वतः कापायचा, सांधे स्वतः भरायचा आणि जिनिंग मिलमधून आणलेला कापूस आत असा बेताने कोंबायचा, की ढोलकीची थाप पडली तरी बॉक्स घुमायचा नाही. जोडीचे सहा हजार. गिऱ्हाईक यायचं, ऐकायचं, मान डोलवायचं आणि जाता जाता ती शेपटी जोडायचंच. अरे, चांगलं वाटलं तर नुसतं चांगलं म्हणा ना! तोंड झिजतं का तुमचं?

एकदा, फक्त एकदा, त्याला ते शेपटीशिवाय ऐकायचं होतं. म्हणून तर तो आज बॉक्सची जोडी घेऊन जळगावला आला होता. त्याची मुलगी मृणाली धुळ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिनेच तरुणला पत्र लिहिलं होतं आणि आज तीही सोबत आली होती. तरुण हा जळगावच्या एका डाळमिलवाल्यांचा नातू. स्पीकर, हेडफोन असलं काहीबाही ऐकून त्याचे व्हिडिओ टाकायचा आणि ते अडीच लाख लोक बघायचे. त्याने "घेऊन या काका" म्हटल्यावर देवचंदने रात्री पेटीतला पांढरा शर्ट काढून ठेवला होता.

तरुणच्या खोलीत ट्रंकेएवढाले दोन स्पीकर उभे होते. त्यांची किंमत त्याने चहा यायच्या आधीच सांगितली. मग कॅमेरा सुरू केला. "मित्रांनो, फक्त सहा हजारात—"

"थांबा," देवचंद म्हणाला. "सहा हजार आधी कशाला? आधी ऐकवा की."

"काका, लोक बजेट बघायलाच येतात." तरुण समजुतीच्या सुरात हसला. पोरगा वाईट नव्हता, गोड बोलायचा. "सहा हजारात असा आवाज म्हणजे कमाल आहे हो!"

"मग तुमच्या घरात लावाल?"

"मी? माझ्याकडे आहेत ना हे."

"नसते तर?"

तरुणने डोकं खाजवलं. "नसते तर दुसरे घेतले असते, काका. हे ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी तुमचे आहेत."

म्हणजे ज्याला दुसरं काही मिळत नाही त्याने हे घ्यावं! देवचंदच्या कानशिलाची शीर तडतडायला लागली. मृणालीने त्याच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात तरुणचे आजोबा निर्मलकुमार आत आले. पंच्याहत्तरी उलटलेले, पांढरा सदरा. बाजारात त्यांचं नाव होतं ते एका सवयीमुळे. डाळीचा नमुना आला की डोळे मिटून दाणा चावायचे, आणि चावून होईपर्यंत कुणाला भाव उच्चारू द्यायचे नाहीत. भाव आधी कानात गेला की दात खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

"दादाजी, ऐका जरा," तरुण म्हणाला.

"भाव नको सांगू," म्हातारा म्हणाला आणि खुर्चीत डोळे मिटून बसला.

देवचंदने स्वतः गाणं लावलं. कुणा बाईचं साधं भजन, मागे नुसती एकतारी. खोलीत कुणी हललं नाही. भजन संपलं तरी निर्मलकुमारांनी डोळे उघडले नाहीत.

"बाईने श्वास घेतला तो पण ऐकू आला," ते म्हणाले. जन्मभर खेड्यातल्या शेतकऱ्यांशी व्यवहार केलेला माणूस, अहिराणीत म्हणाला, "चांगला शे."

शेपूट नाही, काही नाही! चांगला शे! देवचंदला हसू फुटलं. त्याने मृणालीकडे पाहिलं, तर तीही हसत होती.

"केवढ्याला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सहा हजार," तरुण म्हणाला. "जोडी."

निर्मलकुमारांनी डोळे उघडले. "सहा?" ते उठले, वाकले, बोटाने बॉक्सवर टकटक केली. मागून पाहिलं. "मग आत काय भरलंय? माल हलका असणार. आता परत ऐकतो तर वरचा आवाज जरा चिरकतोय. पण सहाच्या मानाने—"

"पुढे बोलू नका, शेठ!" देवचंद ताडकन उठला. "आत्ता दात खरं बोलले होते तुमचे! भाव ऐकला आणि फिरले? परत कधी ऐकलं तुम्ही? गाणं तर बंद आहे!"

म्हातारा ओशाळला. देवचंदने वायरी उपटल्या, बॉक्स काखोटीला मारले.

"काका, दोनशे ऑर्डरी येतील!" तरुण मागे धावला.

"चुलीत घाला त्या ऑर्डरी!"

अमळनेरच्या एसटीत दोन्ही बॉक्स मांडीवर घेऊन देवचंद धरणगाव येईपर्यंत नुसता धुमसत होता. "बठ्ठा सारखाच, सगळे एका माळेचे मणी! माल बघत नाहीत, भावाची चिठ्ठी बघतात. माणसाने रक्त आटवायचं, आणि हे वर उपकार केल्यासारखं मानाने-मानाने करणार! ज्याला म्हणतात त्याला काय वाटत असेल, याची अक्कल नाही हरामखोरांना!"

मृणाली खिडकीबाहेर बघत होती. "नाना," ती म्हणाली, "बारावीचा निकाल आठवतो माझा?"

"आठवतो की! ब्याण्णव टक्के. गल्लीभर पेढे वाटले मी."

"वाटताना काय म्हणत होता?"

देवचंदला आठवलं. शेजारच्या सुनंदाबाईच्या दारात, पोस्टमनला, मास्तरांना, प्रत्येक पेढ्याबरोबर तो हसून तेच म्हणाला होता. आपल्या लोकांच्या मानाने पोरीने खूप केलं.

"धुळ्याला नोकरी लागली तेव्हा पण," मृणाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बारावीला मी अख्ख्या कॉलेजात पहिली आले होते, नाना. कुणाच्याच मानाने नाही."

नजर लागू नये, पोरगी फुगू नये, लोकांना बढाई वाटू नये, म्हणून म्हणालो, असं त्याला सांगायचं होतं. पण मघापासून दिलेल्या सगळ्या शिव्या आता त्याच्याच अंगावर येऊन पडल्या होत्या. एसटी धरणगावच्या स्टँडवर थांबली, माणसं चढली-उतरली, परत सुटली.

"हुशार शे तू," तो म्हणाला. सवयीने जीभ पुढे काही जोडायला निघाली, तशी त्याने दातांनी ती दाबून धरली.

मृणालीने बराच वेळ वाट पाहिली. पुढे काही येत नाही, हे कळल्यावर तिने त्याच्या मांडीवरचा एक बॉक्स उचलून आपल्या मांडीवर घेतला.