दहावा तुकडा आणि उत्तरेच्या भिंतीचे कपाट

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. असे एक घर मनात आणा, जिथे महिनाभर झाडलोट चालली आहे. कोटांचे खिसे उलटे झाले आहेत, पुस्तकांची पानेसुद्धा झटकली आहेत. ज्यू लोकांचा वल्हांडण सण आला आहे आणि उद्यापासून घरात खमीर घालून फुगवलेल्या भाकरीचा कणही राहता कामा नये. आता त्या घराच्या उत्तरेच्या भिंतीकडे पाहा. तिथे उभे आहे ते मी, सुरूच्या लाकडाचे एक जुने कपाट.

माझा जन्म तिबेरियाच्या सरोवराकाठी झाला. नफ्ताली आजोबा तेव्हा तरुण सुतार होते. त्यांनी माझ्या अंगात एकही खिळा मारला नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, आणि प्रत्येक खुंटीवर वेगळी खूण. शेजारी हसायचे, "अरे नफ्ताली, खुंट्यांचं बारसं करतोयस की काय?"

"वाळवंटात देवाचा तंबू वाहून नेताना एकेक वस्तू नाव घेऊन सोपवायची, असं आपला धर्मग्रंथ तोरा सांगतो," आजोबा म्हणायचे. "तिथे मेखेला मान होता, मग माझ्या खुंटीला का नको?"

पुढे कुटुंब जेरुसलेमला आले. मला सुटे करून आणले आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा उभे केले. एकही खुंटी हरवली नाही. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

मग दिवस बदलले. घरोघरी पत्र्याची चकचकीत कपाटे आली. माझे दार कुरकुरू लागले, खालच्या फळीला मागे फट पडली. लोक माझ्यात हवे ते कोंबू लागले. त्यांत पहिला नंबर आजोबांच्या नातीचा, तिर्झाचा. "सध्या इथे ठेवते" हे तिचे लाडके वाक्य. एक मोजा खाटेखाली, तर दुसरा माझ्या डोक्यावर.

सणाच्या आदल्या संध्याकाळी या घरात भाकरीचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवतात. मग मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन ते शोधायचे आणि सकाळी जाळायचे. यंदा लपवण्याचा मान पहिल्यांदाच तिर्झाला मिळाला होता. मोठा भाऊ एल्काना म्हणाला, "हिला? हिला स्वतःची वेणी सापडत नाही!"

तिर्झा आनंदाने घरभर धावली. इथे एक, तिथे एक. शेवटचा तुकडा तिने माझ्या खालच्या फळीवर भिरकावला. तो फटीतून थेट माझ्या तळाशी गेला. मला कळले, पण मला कुठे जीभ आहे?

आजोबा मेणबत्ती घेऊन फिरले. नऊ सापडले. दहावा काही सापडेना.

"इथेच ठेवला होता... नाही, तिथे..." तिर्झाचा चेहरा उतरला.

"तरी मी सांगत होतो!" एल्काना म्हणाला. "पुढच्या वर्षी हिला अजिबात द्यायचं नाही."

ब्रुरिया आजीने कमरेवर हात ठेवले. "घासून घासून माझे हात गेले, आणि हा तुकडा घरात मोकाट! तो सापडेपर्यंत सणाची भांडी मी खाली काढणार नाही, सांगून ठेवते."

तिर्झा रडत पुन्हा धावत सुटणार, तोच आजोबांनी तिची बाही धरली.

"पळू नकोस, राणी. आपले पूर्वज एवढे हजारो लोक वाळवंटात चालले, ते कसे? गर्दी करून?"

"नाही. देवाच्या तंबूच्या चारी बाजूंना त्यांचा तळ असायचा. आधी पूर्वेची कुळं निघायची. मग दक्षिणेची. मग पश्चिमेची." तिर्झाने नाक ओढले. "उत्तरेची शेवटी. त्यांत सगळ्यांत मागे दान नावाचं कूळ."

"त्या दानच्या लोकांचं काम काय?"

"सगळ्यांच्या मागून चालायचं. कुणाचं काही पडलं-विसरलं तर गोळा करायचं."

"मग आज ते काम तुझं. चल, पूर्वेच्या दारापासून."

ती दारापासून निघाली, या वेळी सावकाश. "बरणीमागे एक, तो मिळाला. खिडकीत एक, तोही मिळाला." जागा आठवत आठवत ती माझ्यासमोर आली. तिचे बोट फटीला लागले.

"आजोबा! मी फेकला तेव्हा आत काहीतरी टप् वाजलं होतं!"

आजोबांनी माझ्या दोन खुंट्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. "नावानं सांभाळ हं." फळी निघाली. तळाशी कागदाची पुडी! तिच्याशेजारी आजीचे शिवणाचे अंगुस्तान आणि एक शिट्टी.

"ही शिट्टी मी हरवली म्हणून ओरडत होतास ना?" तिर्झाने विचारले. एल्काना छताकडे पाहू लागला.

आजीने असा सुस्कारा सोडला की आजोबांच्या हातातली मेणबत्तीच विझली. मग सगळे हसले. माझी फळीही बसली, कारण तिर्झाच्या मुठीत दोन्ही खुंट्या सुखरूप होत्या.

मित्रांनो, मला पत्र्याच्या कपाटांचा हेवा वाटत नाही. एवढेच मागणे आहे, की लहानशा वस्तूलाही तिची जागा द्या आणि काम झाले की तिला घरी पोहोचवा. तरीही काही हरवले, तर घाबरून पळू नका. पहिल्या दारापासून सावकाश चालत या.

आजी सणाची भांडी काढायला गेली. तेव्हा तिर्झाने शिट्टी एल्कानाला दिली आणि अंगुस्तान आजीच्या टोपलीत ठेवले. मग ती खाटेखाली वाकली आणि एक मोजा काढला. टाचा उंचावून माझ्या डोक्यावरचा दुसरा काढला, दोन्हींची जोडी केली आणि माझ्या मधल्या कप्प्यात, कोपऱ्यात, नीट ठेवून दिली.