गोरज मुहूर्तावर

नर्स सत्यभामाबाईंनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं, तर दवाखान्यातलं कुत्रं मऊ भात चाटूनपुसून खात होतं. चार दिवसांत त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. ते कुणाच्या अंगावरून उतरलं, हे बाईंना आता कळलं.

खाटेवर इंद्रभान डोळे मिटून पडला होता. सहा महिने त्याला शौचातून रक्त पडत होतं. आमांशाची इंजेक्शनं वाया गेल्यावर, हे दुखणं आतड्याच्या जुन्या सुजेचं आहे, असं नागपूरहून बदलून आलेल्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. कधी चढेल, कधी उतरेल, मुळातून जाईल याची हमी नाही. पण या चार दिवसांत त्याचं परसाकडं जाणं दहावरून तीनवर आलं, तसे साहेब खूश झाले. शनिवारी त्याला घरी सोडायचं त्यांनी ठरवूनही टाकलं.

"इंद्रभानभाऊ, भात कुत्र्याले काऊन घालता?" बाईंनी विचारलं.

"पोटात काही गेलंच नाही, त बाहेर काय येईन?" त्यानं डोळे उघडले नाहीत. "पंधरा दिवसांनं पोरीचं लग्न हाये, बाई. कन्यादानाले दीड घंटा पाटावर बसा लागते. मधातूनच टमरेल घेऊन पळालो, त पोरीले जनमभर आयकवतीन."

बाईंना राग आला, तो स्वतःचाच. चार दिवस आपणही तीनचा आकडा मोठ्या समाधानानं लिहीत होतो.

"असेच उपाशी राह्यले, त पाटावरून उचलून आना लागन तुम्हाले!"

बाईंनी सांगताच साहेब चिडले, पण घरी सोडायचं रद्द झालं. मग बाईंनी त्याला हाती धरलं. मऊ भात, मुगाचं पाणी, तेही थोडं थोडं, आणि वाटी रिकामी होईपर्यंत बाई खाटेजवळून हलायच्या नाहीत. उशाशी एक कागद लावला. कधी गेला, किती वेळा गेला, रक्त किती पडलं, सगळं त्यावर.

"बाईमानसाले हे सांगू?" इंद्रभान लाजून अर्धा झाला.

"मले नाही, त कोनाले सांगसान? माहं कामच हे हाये."

आठवड्यात रक्त बरंच कमी झालं. आणि कागद पाहताना बाईंच्या ध्यानात आलं, की सगळी धावपळ सकाळची. दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत रकाना रोज कोराच.

"मुहूर्त कवाचा हाये?"

"सकाळी नवाचा."

"मंग गोरजावर घ्या म्हना ना!"

"पोरीचा बाप हावो मी. मुहूर्त बदला म्हनू?" इंद्रभान म्हणाला. बायको गोजरबाईनंही पदर तोंडाला लावून मान हलवली.

बाजाराच्या दिवशी सकाळीच नवऱ्या मुलाचे वडील रंगराव मेहकरहून भेटीला आले. इंद्रभाननं घाईनं पागोटं चढवलं. अर्ध्या तासात तो दोनदा, "जरा हात धुऊन येतो," म्हणत उठला. दुसऱ्यांदा तो गेला असताना बाई औषध घेऊन आल्या, तर रंगराव कागदाकडे पाहत होते. बाईंनी कागद झटकन उलटा केला.

"काय झालं यायले?"

"ते त्यायलेच पुसा."

त्यांनी विचारलं नाही. बैलांच्या भावाबद्दल थोडं बोलून ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. आमच्या गाड्यांना पोचायला उशीर होईल, लग्न गोरजावर घ्यावं, एवढी विनंती.

"देव पावला, बाई!" इंद्रभान खाटेवर उठूनच बसला.

लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप म्हणून त्याचा उपास रीतीचाच होता. तरी दुपारी बाईंनी त्याला साखर-मिठाचं पाणी पाजलंच. मांडवामागं भरलेलं टमरेल टोपलीखाली झाकून ठेवलं आणि त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. गुरं गावात परतत होती. मंगलाष्टकं झाली. लेकीचा हात हातात घेऊन इंद्रभान कन्यादानाला बसला, तो थेट शेवटपर्यंत बसला. बाईंच्याच जिवात जीव आला.

पंगत बसल्यावर रंगराव बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"गाड्या त तुमच्या काल रातीच आल्या म्हने," बाई हळूच म्हणाल्या.

ते हसले. मग हसू उतरलं.

"माह्या लग्नात माही माय मांडवात आलीच नाही. ढोरायच्या कोठ्यामागं बसून होती. सून पसंत नाही, म्हनून रुसली, असं समजलो आम्ही. ती मेल्यावर बहिनीनं सांगितलं, तिले हेच दुखनं होतं." त्यांनी इंद्रभानकडे पाहिलं. "तिले कोनी पुसलंच नाही, बाई."

 

तेवढ्यात पंगतीतून इंद्रभानचा आवाज आला, "भात आना इकडं, मऊ पाहून!"

वाढायला निघालेल्या गोजरबाईनं आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन बोटं दाखवली, दोन पळ्या. मग मांडवामागं जाऊन त्यांनी टोपली उचलली आणि टमरेलातलं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतून टाकलं.